सव्वादोनचा चुडा

"हात ढिल्ला सोडा, ताई," कासार म्हणाला. "घट्ट धरला की काच रुसती."

मी हात सोडला. त्याने माझा उजवा पंजा मांडीवरच्या फडक्यावर घेतला, साबणाचं पाणी चोळलं, अंगठ्याचं मूळ आत दाबलं आणि चारही बोटांची मुळं एका मुठीत आवळून हिरव्या बांगडीत घातली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दात एकमेकांवर दाबून मी समोरच्या कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघत राहिले. बांगडी मनगटावर उतरली. कासाराने दुसरी उचलली.

समोर सतरंजीवर सांगलीहून आलेल्या कोऱ्यांच्या बायका बसल्या होत्या. मधोमध माझ्या होणाऱ्या सासूबाई, इंदुमतीबाई. बाकीच्या बांगड्यांकडे बघत होत्या, त्या माझ्या तोंडाकडे. आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचं ताट मनगटांवर पेलून उभी होती. सकाळी तिने मला बजावलं होतं, "ओठ चाव, जीभ चाव, पण हूं की चूं करायचं नाही. कासाराचा हात म्हणजे घटकाभराचं काम. त्यात कुणी मरत नाही."

मेलं कुणीच नाही, हे खरं आहे. या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली आणि आम्ही दोघी जिवंत आहोत.

त्याच्या दोन वर्षं आधी माझी बोटं सुजायला लागली होती. कऱ्हाडात एका शिकवणीवर्गात मी गणित शिकवायचे. आधी खडू धरवेना, मग पहाटे उठल्यावर मूठ मिटेना. दुपारी बारानंतर हात आपोआप मोकळे व्हायचे, त्यामुळे सोंग करते असंही काहींना वाटायचं. आई म्हणायची, थंडी आहे, गार पाण्यात हात घालू नकोस. उन्हाळा आला तरी आईची थंडी काही सरली नाही. शेवटी बाबांनी मला पुण्याला डॉक्टर ओकांकडे नेलं. त्यांनी माझा पंजा हातात घेतला आणि नेमका कासार दाबतो तिथेच, बोटांच्या मुळांशी, हलकेच दाबला. मी ओरडले. ते म्हणाले, "बस, कळलं." रक्त तपासलं ते नंतर, पण निदान त्या दाबण्यातच झालं होतं. संधिवात, तोही तरुणपणी येणारा, सांधे खाणारा.

डॉक्टर ओक समजावून सांगणारे होते. शरीराचं रक्षण करणारी काही जनुकं असतात, म्हणाले, ती सगळ्यांच्यात असतात. ताप आला, जखम झाली की जागी होतात, काम संपलं की निजतात. तुझी निजत नाहीत. शत्रू कुणी नाही म्हणून मग तुझ्याच सांध्यांवर चालून जातात.

"मग त्यांना झोपेचं औषध द्या की," आई म्हणाली.

"तेच देतोय, बाई," ते हसले आणि त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी लिहून दिली. मनाने बंद करायची नाही, हे तीनदा सांगितलं.

तिथे तेव्हा संशोधन चालू होतं. रोग्याच्या रक्तात कोणती जनुकं जागी आहेत ते बघायचं, आणि शक्य असेल तर आईवडिलांच्या, भावंडांच्या रक्ताशी ताडून पाहायचं. माझं रक्त दिलं, बाबांनी बाही वर केली. आईने पर्स कोपरात अडकवली आणि ती उठून उभी राहिली. म्हणाली, "मला काय झालंय? मी धडधाकट आहे. रोग्याच्या वहीत माझं नाव कशाला?" डॉक्टर तिच्या कोपरातल्या पर्सकडे क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पुढच्या प्रत्येक वेळी आईला बाबांच्या दुकानात काम निघायचं.

गोळीने मला सहा-आठ महिन्यांत माणसात आणलं. केस थोडे गळाले, पण खडू धरता यायला लागला. आणि हात सुधारले म्हटल्यावर आईने लगेच स्थळं बघायला घेतली.

गिरीश कोरे सांगलीत बँकेत होता. मितभाषी, पण बोलला की नीट बोलायचा. मला तो आवडला, हे सांगण्यात आता लाज कसली. बघण्याचा कार्यक्रम आईने संध्याकाळी ठेवला होता. साखरपुडाही संध्याकाळीच. "आमच्याकडे शुभकार्य दिवेलागणीलाच," असं तिने कोऱ्यांना सांगितलं, आणि आमच्याकडे अशी काही रीत आहे हे मला तेव्हाच कळलं. संध्याकाळी माझे हात सैल असतात, हे तिच्या बरोबर ध्यानात होतं.

बघण्याच्या दिवशी मी गच्चीवर गिरीशला सांगायला सुरुवात केली होती. "मला हातांचा जरा त्रास—" एवढं म्हणते तोवर आई पोह्यांची बशी घेऊन वर आली आणि ती काही खाली जाईना. रात्री मी तिला स्पष्ट म्हटलं, एक तर तू सांग, नाहीतर मी सांगते. लपवून लग्न करणार नाही.

आई रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बोलण्याला वेळ असते. बायकांचं बायकांत सांगितलं की रुजतं. चुडा भरायला विहीणबाई येतील, त्या दिवशी मी स्वतः सांगते. शब्द देते तुला."

मी तिचा शब्द धरून बसले. त्याबरोबर तिने दुसरंही एक काम केलं. माझी पिवळी गोळी बंद केली. लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा ती चालत नाही असं डॉक्टर म्हणालेच होते, तेवढं वाक्य तिने बरोबर उचललं. डॉक्टरांना विचारू म्हटलं, तर म्हणाली, "केसांचा काय पसारा पडतोय बघ. मांडवात टक्कल घेऊन बसणार आहेस?" गोळीच्या जागी तिने कागदाच्या पुड्या आणल्या. आटपाडीकडच्या कुणा वैद्याची मातकट भुकटी, मधातून चाटायची. नवल म्हणजे पुडीने चार दिवसांत हात हलके झाले. गालांवर गोलाई आली. शेजारणी म्हणायला लागल्या, नवरीला तेज चढलंय. मीही खूश झाले. मरणाच्या दुखण्यातून सुटलेला माणूस पुडीत काय आहे ते विचारत नाही.

आईच्या मनात चुड्याचा कार्यक्रमही संध्याकाळीच होता. पण कोऱ्यांचा निरोप आला, आम्हाला दुपारी साड्यांची खरेदी आहे, सकाळी नऊलाच येतो. आईचं तोंड पांढरं पडलं. त्या आठवड्यात तिने मला एकाच्या जागी दोन पुड्या चाटवल्या. तिची स्वतःची मात्र चिडचिड वाढली होती. भांडं हातातून पडायचं आणि ती माझ्यावरच खेकसायची. लग्नघरात असं होतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

तर त्या सकाळी माझा चुडा भरून झाला. एकही बांगडी वाढली नाही. कासार खूश होऊन म्हणाला, सव्वादोनचं माप बसलं, हात लोण्यासारखा आहे. इंदुमतीबाईंच्या चेहऱ्यावरचा ताणही उतरला. त्या बाईंच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला आणि बोटं मोडली.

मी आईकडे बघितलं. आता सांग. माझे हात आतून पेटले होते, पण मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं; माझ्या वाट्याचं मी केलं होतं. आईने नजर चुकवली आणि ती चहा देऊ लागली. एकेकीपुढे ताट न्यायची, कप मात्र जिचा तिने उचलायचा. मला कळलं की ही आज सांगणार नाही. उद्याही नाही.

लग्नाचा चुडा भरला की घरातल्या सगळ्याच बायका हात पुढे करतात. चुलत्या, आत्या, शेजारणी, सगळ्यांच्या बांगड्या झाल्या. मग इंदुमतीबाई म्हणाल्या, "आता विहीणबाई. वरमाईच्या हातची साडी नि वधूमाईच्या हातात चुडा, त्याशिवाय लग्नाला शोभा नाही."

आई म्हणाली, "मला नको. माझा नवस आहे."

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईने कितीतरी वर्षांत कासाराकडून बांगडी भरून घेतली नव्हती. कुलस्वामिनीला नवस बोललाय, अंगावरच्या बांगड्या झिजतील तेवढ्या झिजू द्यायच्या, असं ती सांगायची. दोन्ही हातांत मिळून काचेच्या सात-आठ उरल्या होत्या, रंग गेलेल्या. बायका तिच्या निष्ठेचं कौतुक करायच्या. तसं आईचं कौतुक बऱ्याच गोष्टींचं व्हायचं. आम्ही कुणी तिला कधी अंथरुणात बघितलं नव्हतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती बंबाच्या कढत पाण्यात हात घालून बसायची आणि आम्ही उठेपर्यंत कामाला लागलेली असायची. डब्यांची झाकणं आमच्याकडून उघडून घ्यायची, कणीक माझ्याकडून मळून घ्यायची. पोरीला वळण लावते, असं बाबा अभिमानाने सांगायचे.

"लेकीच्या लग्नात सगळे नवस फिटतात," इंदुमतीबाई हसून म्हणाल्या. "देवी काय रागावत नाही. तुमचा मान आहे. आमच्याकडून घ्या. की आमच्या बांगड्या चालत नाहीत तुम्हाला?"

यावर नाही म्हणणं म्हणजे उभ्या व्याह्यांचा अपमान. आत्याने आईच्या हातातलं ताट काढून घेतलं, काकूने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. सगळ्या हसत होत्या. आईही हसल्यासारखं करत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मला तेव्हा समजली नाही.

कासाराने साबण चोळला. "हात ढिल्ला सोडा, वैनी," म्हणाला आणि त्याने मूठ आवळली.

आई किंचाळली.

नुसता उद्गार नव्हता तो. ओसरीवर बाबांशी बोलत बसलेली माणसं उठून आत आली. कासार घाबरून मागे सरला, त्याच्या मांडीवरच्या बांगड्या फरशीवर सांडल्या. आई हात छातीशी धरून पुढेमागे झुलत होती आणि तिच्या तोंडून आवाज येतच होता.

इंदुमतीबाई पुढे सरकल्या. त्यांनी आईचा हात छातीपासून सोडवला आणि उजेडात धरला. साबण चोळताना पदर सरकला होता, एरवी पदराखाली असणारे हात सगळ्यांना दिसले. बोटांच्या मुळांशी गाठी होत्या आणि चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली. तो हात मी रोज बघत होते. कामाने झालाय असं समजत होते.

"किती दिवस आहे हे?" त्यांनी विचारलं.

आईने हात ओढून पदराखाली घेतला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. नव्या चुड्याचा माझा हात त्यांनी हातात घेतला आणि बोटांच्या मुळांशी हळूच दाबला. मी ओठ मिटून बसले. पण त्या हाताकडे बघतच नव्हत्या, माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. ते काही मला मिटून घेता आले नाहीत.

"असं आहे होय," त्या म्हणाल्या. मग जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाल्या, "एकच मुलगा आहे हो आम्हाला. आधी सांगायचं होतंत."

चहा तसाच राहिला. गाडी गेल्यावर बाबा आईपाशी आले आणि म्हणाले, "झालं समाधान? एवढी एक घटका कळ काढता आली नाही तुला?" आई तोंड फिरवून पडून राहिली. मीही तिच्याजवळ गेले नाही. माझ्याही मनात तेच होतं. मला हूं की चूं करू नकोस म्हणणारी, स्वतःवर आल्यावर एक बांगडी सोसू शकली नाही.

संध्याकाळी गिरीशचा फोन आला. तुझ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, म्हणाला, पण हे आईकडून येतं म्हणतात, उद्या मुलाबाळांत आलं तर. मी म्हटलं, गच्चीवर मी तेच सांगत होते. तो म्हणाला, हो, मला आठवतंय, मीही मग विचारलं नाही. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आई पहिल्यांदाच आमच्या आधी उठली नाही. अंग तापलेलं, उलट्या, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटायची. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि पुण्याला न्या म्हणाले. दुपारी ती डॉक्टर ओकांच्या रुग्णालयात होती. सलाइनमधून कसलंसं इंजेक्शन दिल्यावर तासाभरात तिला शुद्ध आली, इतकी नीट की तिने पदर सारखा केला. डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून बघितले.

"तुम्ही काय घेत होतात?" त्यांनी विचारलं.

"पुड्या," आई म्हणाली.

"केव्हापासून?"

"ही पाचवीत होती. वैद्य द्यायचा. रोज एक घेतली की दिवस निघायचा."

डॉक्टर म्हणाले, असल्या पुडीत स्टेरॉइड कुटलेलं असतं. इतकी वर्षं घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. ते एकदम थांबलं की माणूस असा कोसळतो. "बंद कशी काय केलीत तुम्ही? कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी नाही. वैद्य काशीला गेला होता, नव्या मिळेनात." आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "होत्या त्या हिला पुरायला हव्या होत्या. चुड्याच्या दिवसापर्यंत."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. माझ्यासाठी आणलेल्या म्हणून मी ज्या पुड्या चाटल्या, त्या माझ्यासाठी आणलेल्याच नव्हत्या. आठवडाभर ती माझ्या तोंडात स्वतःची पुडी घालत होती आणि स्वतःचे हात घेऊन लग्नघर रेटत होती. मी कासारापुढे गप्प बसले ती तिच्या वाट्याच्या पुडीवर. ती ओरडली ती पुडीवाचून.

लोकांना वाटेल, मला गहिवरून आलं असेल. मला राग आला. आजही येतो. हिला ठाऊक होतं. माझी बोटं सुजली तेव्हा पहिल्याच दिवशी हिने ओळखलं असणार, आणि तरी वर्षभर मला थंडीच्या गोष्टी सांगितल्या. डॉक्टर रक्त मागत होते तेव्हा पर्स कोपरात अडकवून उठली. एक पिवळी गोळी तिलाही मिळाली असती. तिची बोटं वाचली असती. त्या ऐवजी तिने नवस काढला, रीत काढली, मला सोसायला शिकवलं, आणि वर स्वतःची पुडी देऊन माझ्यावर असा उपकार करून ठेवला की मला धड भांडताही येऊ नये.

रक्त मात्र तिने त्या दिवशी दिलं. नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, तुझ्यात जी जनुकं जागी आहेत, त्यांतली बरीचशी हिच्यातही जागी आहेत. आई म्हणाली, म्हणजे माझ्याकडूनच गेलं. डॉक्टर म्हणाले, तसं सरळ नसतं बाई. जनुक आईकडून आलं तरी ते जागं का होतं हे अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. त्यांचं पुढचं तिने ऐकलं नाही. आज माझे हात बरे आहेत. मी गणित शिकवते, खडू धरते. आईला मी भरवते. लग्नाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण त्या दिवशी वॉर्डात अजून एक गोष्ट झाली. रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी एक पोरसवदा नर्स आईला इंजेक्शन द्यायला आली. माझ्या हातांतला हिरवा चुडा बघून तिने हौसेने विचारलं, "नवीन लग्न झालं वाटतं?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "हो. परवाच."

नर्स गेल्यावर मी बांगड्या काढायला लागले. आदल्या रात्री साबण लावून बघितला होता, तेल लावून बघितलं होतं. बोटांची मुळं सुजून वर आली होती, एकही निघत नव्हती. मी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर मनगट टेकवलं आणि आपटलं. मग दुसरं. हिरव्या काचा फरशीवर उडाल्या, मनगटाला दोन ठिकाणी चिरलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आईने मला थांबवलं नाही. शेवटची बांगडी फुटेपर्यंत ती बघत राहिली.

"माप छान बसलं होतं गं," ती म्हणाली.

मी खाली बसून काचा गोळा करायला लागले. खाटेवरून तिचा हात मदतीला खाली आला. बोटं मिटत नव्हती, त्यामुळे तिच्याच्याने एकही काच उचलली गेली नाही, पण तो हात बराच वेळ तिथे लोंबत होता. मी तो बाजूला केला नाही, आणि धरलाही नाही.